एका विमानामागे किती वैमानिक

दिवाकर लघाट्यांची वसुंधरा विमान कंपनीत लागली ही बातमी झाशीच्या रेल्वे कॉलनीतून सिपरी बाजारात पोचेपर्यंत ती स्वतःच विमान चालवते अशी झाली होती. तिची आई इंदुमतीबाई भेटेल त्याला सांगत राहिल्या की अहो, ती ऑफिसात बसते, कोणता पायलट कोणत्या विमानावर जाणार ते ठरवते. पण ऐकतंय कोण. दूधवाला भैया तर आठवडाभर विचारत होता, "बिटिया का जहाज इधर से कब निकलेगा?"

खरा पायलट त्यांच्या ओळखीत एकच, लक्ष्मण जगदाळे. त्याचे वडील फौजेत सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत झाली आणि निवृत्त झाल्यावर सिपरी बाजारात घर बांधून इथलेच झाले. लघाटे मात्र चार पिढ्यांचे झाशीकर. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि हिंदी इतकी मुरलेली की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लक्ष्मणच्या आईची, राधाबाईंची, मराठी अजून गावाकडची होती. पण परमुलखात मराठी बोलणारं घर सापडल्यावर कुळ-गाव कोण विचारतो? दोन्ही घरांचं येणंजाणं रोजचं होतं.

लक्ष्मण वसुंधरेपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. शिष्यवृत्ती मिळवून तो विमान उडवायला शिकला आणि 'मेघना एअरवेज' या कंपनीत पंख्याच्या छोट्या विमानांवर लागला. वसुंधरा गणितात एम. एस्सी. होऊन घरी बसली होती. लग्नाची स्थळं बघणं चालू होतं. तेव्हा सुट्टीवर आलेल्या लक्ष्मणनंच विषय काढला.

"काकू, हिला आमच्या कंपनीत पाठवा. पायलटांच्या कामाचं वेळापत्रक लावायला हिशेबी माणसं लागतात. हिचं डोकं चालेल त्यात."

"परक्या शहरात एकटी पोर," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"एकटी कशी? मी आहे की."

आणि वसुंधरा गेली. गुडगावच्या ऑफिसात तिचं खरोखरच डोकं चाललं. कुणाचं प्रशिक्षण कधी, कुणाची वैद्यकीय तपासणी कधी, कोण किती तास उडाला, कुणाला विश्रांती द्यायलाच हवी, हे सगळं सांभाळून एकही विमान माणसावाचून अडू द्यायचं नाही, हे तिचं काम. तिला ते आवडायचं. पायलट तिला ओळखू लागले. आईचं श्राद्ध आहे, मुलीचा वाढदिवस आहे, असे त्यांचे फोन यायचे आणि ती दहा जणांची जुळवाजुळव करून एकाला मोकळा करायची. लक्ष्मण स्वतःसाठी कधी काही मागायचा नाही. दिवाळीला तिनं आपणहून त्याला दोन दिवस दिले, तर म्हणाला, "माझ्या जागी कोणाला टाकलंस ते आधी सांग."

अशी चार वर्षं गेली. मग मेघना तोट्यात जाऊ लागली.

बाजारात 'शीघ्र' नावाची नवी कंपनी आली होती. तिची विमानं सगळी एकाच बनावटीची, मोठी, जेटची. तिकीट स्वस्त. मेघनाचे प्रवासी तिकडे वळले. मग मेघनाच्या मालकांनी एक नवे उपाध्यक्ष आणले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वसुंधरेला बोलावलं आणि दोन्ही कंपन्यांची तुलना करून मागितली. एका विमानामागे किती वैमानिक, आणि एक वैमानिक महिन्याला किती तास उडतो.

तिनं मन लावून ती तुलना केली. उत्तर सरळ होतं. मेघनाकडे एका विमानामागे चौदा वैमानिक होते, शीघ्रकडे दहा. मेघनाचा वैमानिक महिन्याला पन्नासेक तास उडायचा, शीघ्रचा सत्तरच्या वर.

पण त्या सरळ उत्तराच्या मागे काय आहे हेही तिला दिसत होतं. मेघनाची विमानं तीन तऱ्हेची. एका तऱ्हेचा पायलट दुसऱ्या तऱ्हेवर चालत नाही, म्हणून राखीव माणसंही तिन्हीकडे वेगळी ठेवावी लागत. त्यात छोटी विमानं दिल्ली, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर अशी टप्प्याटप्प्यानं जायची. पाऊण तास उडायचं, तासभर थांबायचं. लक्ष्मणसारखा माणूस सकाळी निघून संध्याकाळी परत यायचा, दिवसात पाच-पाच वेळा विमान उतरवायचा, आणि खात्यावर मांडले जायचे जेमतेम चार तास. थांबलेला वेळ उडण्यात धरतच नाहीत.

हे समजायला तिला पुस्तक लागलं नाही. तिचे बाबा मालगाडीवर ड्रायव्हर होते. झाशीहून निघायचे आणि एखाद्या बाजूच्या रुळावर गाडी तासन् तास उभी राहायची, कारण पुढून राजधानी जायची असे, मागून पंजाब मेल. दिवसभर इंजिनात तापून परत यायचे तेव्हा मोजायला किलोमीटर थोडेच असायचे. लहानपणी तिनं ते रोज पाहिलं होतं.

म्हणून तिनं आकड्यांच्या मागे तीन पानं जोडली. तासांबरोबर विमान किती वेळा उतरवलं त्या उतरण्याही मोजा, आमचे छोट्या विमानांवरचे वैमानिक शीघ्रच्या दुप्पट उतरण्या करतात, असं तिनं स्वच्छ लिहिलं. विमानं तीच ठेवून माणसं दहावर आणली तर राखीव कोणी उरणार नाही, हेही लिहिलं.

उपाध्यक्षांनी ती पानं चाळली. "वसुंधरा जी, ये सब कारण हैं. मुझे आँकड़ा चाहिए."

"सर, इन कारणों के बिना वो आँकड़ा आधा है."

"तो इन्हें पीछे लगा दीजिए, परिशिष्ट में."

संचालकांच्या बैठकीत पडद्यावर दोनच खांब उमटले, एक उंच आणि एक बुटका. उंच मेघनाचा. परिशिष्ट कुणी उघडलं नाही. वसुंधरा भिंतीकडेच्या खुर्चीत बसली होती. चर्चा पंधरा-वीस मिनिटांत आटोपली. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "ये आँकड़े आपके हैं? सही हैं?"

तोंडात सगळं तयार होतं. उतरण्या, तीन तऱ्हेची विमानं, राखीव माणसं. खोलीतली बारा-तेरा माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांचं जेवण बाहेर मांडून झालं होतं.

"जी, सही हैं," ती म्हणाली.

त्यात खोटं काहीच नव्हतं.

महिन्याच्या आत छोट्या विमानांचा विभाग बंद करायचं आणि बाकीच्या विमानांवरही माणसं दहावर आणायचं ठरलं. ज्यांचे तास सगळ्यांत कमी ते वैमानिक आधी काढायचे, आणि सगळ्यांत कमी तास अर्थातच छोट्या विमानांवरच्यांचे होते. लक्ष्मणचा फोन दुपारी आला.

"वसू, कळलं का?"

"हो, दादा."

"हे आलं कुठून अचानक? तुमच्या खात्यातनं काही होतं का?"

"वरून आलं," ती म्हणाली.

"वरूनच येणार म्हणा. तुझ्या नोकरीला धोका नाही ना?"

ती नाही म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिला समोरच्या पडद्यावरचं काही वाचता येईना.

लक्ष्मणला शीघ्रनं घेतलं. जेटवर नव्यानं शिकावं लागलं, वयानं पंधरा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून. नेमणूक चेन्नईला मिळाली. बायको पुष्पा आणि मुलगी झाशीला राहिल्या, कारण मुलीची शाळा होती आणि सुभेदारांना अर्धांगवायू झाला होता. राधाबाईंनी पेढे वाटले. लघाट्यांकडे पेढे द्यायला आल्या तेव्हा इंदुमतीबाईंचा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या वसूनंच शब्द टाकला असणार तिकडं. त्याशिवाय का एवढ्या लवकर घेतलं? पोरीनं नाव राखलं बघा." इंदुमतीबाईंनी हे फोनवर मोठ्या कौतुकानं लेकीला सांगितलं. वसुंधरेनं विषय बदलला.

त्या वर्षी गणपतीत दोघंही झाशीला आले होते. जगदाळ्यांकडे जेवण होतं. वसुंधरेनं त्याला पाहिलं आणि आधी वाटलं की आजारी असेल. डोळ्यांखाली काळं, गळा सैल पडलेला.

"कसं आहे तिकडे?" तिनं विचारलं.

"उडवतात भरपूर," तो हसून म्हणाला. "महिन्याला पंच्याहत्तर तास. नियमात बसतं सगळं, एक मिनिट इकडचं तिकडं नाही. फक्त दोन दिवस पहाटेचं, मग दोन दिवस रात्रीचं, मग परत पहाटेचं. झोप कुठल्या खिशात ठेवलीय तेच आठवत नाही. आणि आता आणखी एक उड्डाण वाढवलंय रोजचं."

"ते का?"

"कोण जाणे. म्हणतात दुसरीकडचे करतात, मग तुम्हाला काय झालं."

पुष्पा वाढत होती. लक्ष्मणनं पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तो हातात तसाच राहिला. तो बसल्या बसल्या झोपला होता. मुलगी खुदकन हसली. राधाबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं आणि लेकाच्या हातातला तुकडा अलगद काढून घेतला.

मेघनाचं पुढं तिनं लिहिलं होतं तेच झालं. माणसं कमी केली तेव्हा पहिले काही महिने खर्च खाली आला, उपाध्यक्षांचा सत्कार झाला. मग डिसेंबरचं धुकं पडलं. एक विमान अडकलं की त्याचे वैमानिक अडकायचे, दुसरे पाठवायचे तर राखीव कोणी नाही. कोणाला ताप आला तरी उड्डाण रद्द. वसुंधरा सकाळपासून फोन करायची, विनवायची, आणि ज्या लोकांना ती कधी काळी वाढदिवसासाठी सुट्टी मिळवून द्यायची तेच लोक तिचा नंबर पाहून फोन उचलेनासे झाले. विमानतळांवर प्रवासी ओरडायचे, त्यांची चित्रं टीव्हीवर यायची. उपाध्यक्ष तोवर दुसऱ्या कंपनीत निघून गेले होते. दुसऱ्या हिवाळ्यात मेघना बंदच पडली. हजारो माणसं घरी बसली, त्यांत वसुंधराही.

काही महिने तिनं ठिकठिकाणी अर्ज केले. बोलावणं आलं ते फक्त शीघ्रचं.

मुलाखत घेणारी बाई तिच्याच वयाची होती, उषा नावाची, ग्वाल्हेरच्या मराठी घरातली. शीघ्रमध्ये वसुंधरेचंच काम ती करत होती. झाशी आणि ग्वाल्हेर म्हणजे शेजारच्या गल्ल्या. दोघी पाच मिनिटांत मराठीत बोलू लागल्या. मुलाखत संपल्यावर उषानं कॉफी मागवली.

"तुम्हाला खरं सांगू?" ती म्हणाली. "मेघनानं आम्हाला फार छळलं."

"आम्ही? तुम्हाला?"

"दर महिन्याला साहेब तुमचा आकडा घेऊन यायचे, तुमची छोटी विमानं बंद झाल्यावरही तोच जुना. मेघनाचे पायलट दिवसात पाच-पाच वेळा विमान उतरवतात, आपले दोन-तीनदाच, असं का? मी म्हणायची, अहो, त्यांची विमानं छोटी, टप्पे जवळचे, ते आपल्याएवढे तास उडत नाहीत. मी तर सगळं लिहूनही दिलं होतं. कोणी वाचलं नाही. शेवटी रोजचं एक उड्डाण वाढवलं."

वसुंधरा तिच्याकडे बघत राहिली. "तास आधी जेवढे होते तेवढेच ठेवून?"

"तास तर आमचे आधीच जास्त होते. त्यात आमचा वरचढपणा होता ना. तो कोण सोडतोय?" उषानं कप खाली ठेवला. "तुमच्याकडे बहुतेक तासांवरून बोलत असतील."

"हो," वसुंधरा म्हणाली. "आमच्याकडे तासांवरून बोलायचे."

खिडकीबाहेर शीघ्रच्या बसमधून वैमानिक उतरत होते, चाकांच्या बॅगा ओढत. वसुंधरेच्या मनात आलं की मेघनात ती त्या दिवशी उभी राहून बोलायचं ते सगळं बोलली असती, तरी इकडे हेच घडलं असतं. आणि उषा इकडे जीव तोडून भांडली असती, तरी तिकडे तेच. ज्या कंपनीकडे जे जास्त ते दुसरीनं मागायचं, आणि दोन्ही कंपन्यांनी आपल्याकडचं काही सोडायचं नाही. या विचारानं तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट पायाखाली काही आहे की नाही असंच झालं.

"जागा तुमचीच समजा," तिला निरोप देताना उषा म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून या. पहिलं काम म्हणजे आता नवी एक कंपनी आलीय बाजारात, तिच्याशी तुलना."

वसुंधरेनं विचार करून कळवते असं सांगितलं. तिला नोकरीची गरज होती, त्यामुळे ती नाही म्हणाली नसती बहुधा. पण त्याच आठवड्यात आईचा फोन आला. लक्ष्मण वैद्यकीय तपासणीत नापास झाला होता. हृदयाचे ठोके चुकत होते. आधी तात्पुरतं थांबवलं, मग पुन्हा तपासलं आणि परवाना कायमचा गेला. वय बेचाळीस.

वसुंधरा झाशीला आली. उषाला तिनं काहीच कळवलं नाही.

जगदाळ्यांच्या घरी जायला तिला बरेच दिवस लागले. गेली तेव्हा लक्ष्मण पुढच्या खोलीत सुभेदारांची दाढी करत होता. वडिलांना आता बोलता येत नव्हतं. त्यानं काम शांतपणे पुरं केलं, वडिलांचं तोंड पुसलं, त्यांना आत निजवलं आणि येऊन बसला. जवळच बिजौलीत एका लहानशा कारखान्यात मालाच्या गाड्या लावून द्यायचं काम मिळालंय, म्हणाला. सध्या जातोय.

"दादा, मला एक सांगायचंय."

तिनं सांगितलं. बैठक, दोन खांब, तिला विचारलेला प्रश्न, तिचं उत्तर. फोनवर 'वरून आलं' म्हणाली होती तेही. मग उषाचं. इतक्या दिवसांत हे सगळं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनासुद्धा नाही. सांगताना तिचा आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. तिला वाटत होतं तो रागावेल. ती त्या रागासाठीच आली होती.

लक्ष्मणनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "आकडे खोटे होते का?"

"नाही."

"माझे तास कमी होते, हे खरंच."

"पण उतरण्या..."

"हो. आणि तिकडे गेल्यावर उतरण्या कमी होत्या, हेही खरंच." तो तळहाताकडे बघत होता. "मी समजत होतो, कोणीतरी काहीतरी खोटं केलं असेल. रात्री पडल्या पडल्या त्या माणसाला शिव्या द्यायचो. तेवढंच बरं वाटायचं. तू तेही काढून घेतलंस."

"दादा, मी बोलायला हवं होतं."

"बोलली असतीस तर काय झालं असतं, ते तूच आत्ता सांगितलंस ना."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"आईला सांगू नकोस," तो शेवटी म्हणाला. "तिला वाटतं तूच मला शीघ्रमध्ये लावलंस. वाटू दे."

तेवढ्यात राधाबाई चहा घेऊन आल्या. वसुंधरेच्या शेजारी बसून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वसू, तुझ्या ओळखी आहेत गं सगळीकडं. विमान नाही तर नाही, ऑफिसात कुठंतरी बसव याला. मागच्या खेपेला केलंस तसं. तो कारखाना काही याच्या लायकीचा नाही. घरी येतो नि भिंतीकडं तोंड करून बसतो नुसता."

लक्ष्मण खिडकीकडे बघत होता.

"बघते, काकू," वसुंधरा म्हणाली.

तो कारखाना लक्ष्मणनं पावसाळ्याच्या आधी सोडला. गाड्यांचा आवाज सहन होत नाही, म्हणाला. मग आणखी दोन कामं धरली आणि सोडली. पुष्पा एका शाळेत शिकवू लागली, तिच्यावर घर चालू लागलं. लक्ष्मणला दिवसा झोप येई आणि अंधार पडला की डोळे टक्क उघडे. डॉक्टर म्हणाले, शरीराचं घड्याळ बिघडलंय, हळूहळू येईल ठिकाणावर. दोन वर्षं झाली, आलं नाही. दिवाकरराव निवृत्त झाले होते. ते कधी त्याला फिरायला नेत, स्टेशनच्या बाजूला. दोघं जात आणि एक अक्षर न बोलता परत येत. एकदा घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "आम्ही थकायचो, पण गाडी लागली की घरी यायचो. हा अजून आलेलाच नाही."

वसुंधरा एका शिकवणीवर्गात गणित शिकवू लागली. बँकेच्या परीक्षेची पोरं असतात. अमुक काम पंधरा माणसं आठ दिवसांत करतात, तर दहा माणसं किती दिवसांत करतील, असली गणितं येतात. पोरं ती पटापट सोडवतात आणि तिचं काही चुकत नाही. लग्नाचं आता घरात कोणी बोलत नाही. उषाचा एकदा फोन येऊन गेला. तिलाही काढलं होतं. वसुंधरेला विचारत होती की झाशीकडे काही काम मिळेल का.

राधाबाई भेटल्या की विचारायच्या, "काय गं, काही कळलं का कुठनं?" दर वेळी ती म्हणायची, प्रयत्न चालू आहेत. मग तिला ते म्हणवेना. बड्या बाजारात जायचं झालं तर ती सिपरी बाजाराकडून जायचं सोडून लांबच्या रस्त्यानं जाऊ लागली. सणावारी जगदाळ्यांकडे जायचं असलं की तिचं डोकं दुखे. काही महिन्यांनी राधाबाई आपणच आल्या, कळशीभर पाणी भरून दमल्यासारख्या पायरीवर टेकल्या. इंदुमतीबाईंना म्हणाल्या, "पोर येत नाही हल्ली. माझं काही चुकलं का?"

वसुंधरा आतल्या खोलीत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. आईनं हाक मारली, मग पुन्हा मारली. ती उठली नाही.